चिठ्ठीत निघालेली खुर्ची

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : नमस्कार बाई. धायरीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी दोन वर्षांपासून इतिहास शिकवते. आमची शाळा झपाट्याने वाढली. सकाळच्या सत्राच्या शिक्षकांना दुपारच्या सत्रातल्यांची नावंही धड माहीत नाहीत. मुलं वर्गात ठीक असतात, पण जिन्यात समोर आलं की भिंतीला चिकटून उभी राहतात. मला आठवी-नववीच्या ऐंशी मुलांना आणि जमतील तेवढ्या शिक्षकांना नाटकाला न्यायचं आहे. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एवढा खटाटोप कशाला? शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दाखवा की." त्यांना काय सांगू? आणि या सहलीतून मुलं-शिक्षक खरंच जवळ यावेत, तर काय करू?
— एक शिक्षिका, धायरी

उत्तर : तुमचं पत्र वाचल्यावर आधी माझ्या पहिल्या नाटकाच्या सहलीची वही काढली. साल 1994. ती सहल मी पूर्ण चुकवली होती. काय चुकलं ते तुम्हाला सांगते, म्हणजे तुमचा एक प्रयोग वाया जाणार नाही.

शाळेतून साठ मुलं आणि नऊ शिक्षक गेलो होतो. तिकिटं काढताना मी शिक्षकांना खाली चौथ्या रांगेत बसवलं आणि मुलांना बाल्कनीत. बाल्कनीचं तिकीट स्वस्त होतं, एवढाच विचार होता. पहिल्या अंकात वरून शिट्टी आली. आमचे नऊच्या नऊ चेहरे मागे वळून वर बघायला लागले. अंधारात काही दिसत नव्हतं, तरी आम्ही डोळे वटारत होतो. मध्यंतरात दोघे शिक्षक वर जाऊन जिन्यापाशी उभे राहिले आणि उरलेलं नाटक त्यांनी मुलांच्या पाठीकडे बघत काढलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर शिट्टी कोणी मारली याची चौकशी झाली. नाटकाबद्दल शाळेत एक शब्द कोणी बोललं नाही. मुलांकडून मी पैसे घेतले होते आणि त्यांना वर्गच परत दिला होता, फक्त अंधारातला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा मुद्दा. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला की काय होतं, तुम्ही पाहिलंच असेल. मुलं तुकडीनुसार सतरंजीवर बसतात, शिक्षक भिंतीला टेकून उभे राहतात. उभा माणूस राखण करतो, नाटक बघत नाही. शाळेत आपण पस्तीस मिनिटांच्या प्रत्येक तासाला मुलांच्या समोर असतो. आपलं तोंड त्यांच्याकडे, त्यांचं आपल्याकडे. नाट्यगृहात शिक्षकाला उभं राहायला जागाच नाही. त्याला बसावं लागतं, मुलाच्या शेजारी, आणि दोघांची तोंडं एकाच बाजूला. नटाने वाक्य टाकलं आणि शेजारचा मुलगा हसला, की ते हसू आपल्या खांद्याला जाणवतं. तो आधी हसतो की आपण, हे दोघांनाही कळतं. असं शेजारी बसणं शाळेच्या इमारतीत कुठेच होत नाही. मुख्याध्यापिकाबाईंना एवढंच सांगा, आणि त्यांचं तिकीट काढूनच सांगा.

बसण्याची व्यवस्था चिठ्ठ्यांनी करा. मी पुढे वीस वर्षं हेच केलं. सगळी तिकिटं एका डब्यात, प्रत्येकाने एक उचलायचं. शिक्षकांनीही त्याच डब्यातून. एकच अट मी घालायचे : दर दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस रांगेत हवं. तेवढी अदलाबदल आधीच करून ठेवायचे, बाकी चिठ्ठी म्हणेल ते. आणि तिकीट ज्याचं त्याच्या हातात द्या. सगळी तिकिटं एका शिक्षकाने हातात धरून मुलांना मेंढरांसारखं आत मोजून सोडायचं, हे मला अजिबात आवडत नाही. आपल्या नावाची नसली तरी आपल्या नंबरची खुर्ची शोधणं, डोअरकीपरने बॅटरी मारून रांग दाखवणं, 'एक्स्क्यूज मी' म्हणत चार अनोळखी गुडघ्यांसमोरून जाणं, हे आठवीतल्या मुलाला फार मोठं करतं. माझ्याकडे एक मुलगी होती, तिने ते अर्धं फाडलेलं तिकीट दहावी होईपर्यंत कंपासपेटीत जपलं होतं.

चिठ्ठ्यांचा फायदा कसा होतो, ते एका मुलावरून सांगते. नववीत होता. अभ्यासात मागे, हजेरीत त्याहून मागे. आमची शाळा पेठेत. जुलैमधल्या प्रयोगाला चिठ्ठीत त्याची खुर्ची विज्ञानाच्या बाईंशेजारी आली. तिकीट बघून दोघांचीही तोंडं पडली, हे मी पाहिलं. बाई त्याला आदल्याच आठवड्यात वर्गाबाहेर उभं करून आल्या होत्या. पहिला अंक सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांत तो कुजबुजला, "बाई, हे खरंच बोलतायत. आमच्यात टेप असते, आम्ही नुसते ओठ हलवतो." बाईंना काही कळेना. मध्यंतरात उलगडा झाला. हा मुलगा दर गणपतीत त्याच्या मंडळाच्या जिवंत देखाव्यात काम करायचा. तीन वर्षं मावळा होता. आवाज आधी रेकॉर्ड केलेला असतो, एका रात्रीत आठ-दहा प्रयोग होतात, आणि पांढऱ्या प्रकाशात उभं राहिलं की डोळ्यांत पाणी येतं, तरी पापणी हलवायची नाही, हे सगळं त्याने वडा खाताखाता बाईंना सांगितलं. मग त्यानेच विचारलं, "इथे दिवा विझताना हळूहळू कसा विझतो? आमचा फटकन जातो." बाईंना डिमर माहीत होता, पण पाठ्यपुस्तकातून. दोघं उठून मागे प्रकाशयोजनेच्या टेबलाकडे गेले. तिथल्या माणसाने त्यांना दोन मिनिटं बटणं दाखवली. मी जिन्यात उभी राहून बघत होते. बाई आणि तो, दोघांच्या माना एकाच वेळी खाली झुकलेल्या होत्या.

त्या वर्षी गणपतीच्या सातव्या दिवशी रात्री दहा वाजता आम्ही पाच शिक्षिका आणि शाळेचे शिपाईमामा त्याच्या गल्लीत देखावा बघायला गेलो. विज्ञानाच्या बाईंनीच काढलं ते. मुलाला माहीत नव्हतं. आम्ही दोरीच्या अलीकडे, गर्दीत, आणि तो वर ढाल घेऊन. त्याने आम्हाला पाहिलं आणि पापणी हलवली नाही. देखावा संपल्यावर त्याची आई पुढे आली. तोपर्यंत ती शाळेत फक्त तक्रार ऐकायला यायची. तिने आम्हाला घरी नेऊन चहा पाजला. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण, तिच्या दोन नणंदा आणि चेहऱ्यावरचा रंग न पुसलेला मावळा. पुढे त्याचे विज्ञानाचे मार्क वाढले का, असं मला लोक विचारतात. थोडे वाढले. पण त्या दिवसापासून तो जिन्यात बाईंना बघून भिंतीला चिकटला नाही, तुम्ही लिहिलंय तसा. थांबायचा, बोलायचा.

म्हणून शिपाईमामांना, मावशींना, क्लार्कना नक्की न्या, आणि त्यांचीही चिठ्ठी त्याच डब्यात टाका. आमच्या मामांनी तेवीस वर्षं शाळेची घंटा दिली होती. नाट्यगृहात नाटक सुरू होण्याची तिसरी घंटा झाली तेव्हा त्यांच्या शेजारची पाचवीतली मुलगी म्हणाली, "मामा, तुमच्यापेक्षा हळू आहे हो." पुढे महिनाभर मधली सुट्टी संपल्याच्या घंटेला मुलं 'तिसरी झाली' म्हणायची आणि पळायची.

आता नाटक कोणतं. तुम्ही स्वतः आधी जाऊन बघितल्याशिवाय ठरवू नका. जाहिरातीतल्या 'सहकुटुंब पाहा' वर विसंबून मी एकदा मुलांना नेलं आणि दुसऱ्या अंकातल्या द्वयर्थी विनोदांना मुली माना खाली घालून बसल्या. त्या मानांची मला लाज वाटली, कारण नाटक मी निवडलं होतं. अभ्यासक्रमातल्या धड्यावरचं नाटक शोधण्याच्या मागेही लागू नका, मुलांना लगेच वास येतो. पुण्यात ग्रिप्सची परंपरा आहे, तिचे प्रयोग कुठे लागतात यावर लक्ष ठेवा. बर्लिनमधल्या ग्रिप्स थिएटरची ही पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी 1986 मध्ये पुण्यात आणली. यात लहान मुलांची कामं मोठे नट करतात. परी-राक्षस नसतात, मुलांचेच घरातले, शाळेतले, चाळीतले प्रश्न असतात. चाळिशीचा माणूस हाफपँट घालून, "मोठे आमचं ऐकतच नाहीत" असं म्हणतो तेव्हा मुलं टाळ्या वाजवतात, आणि शेजारी बसलेल्या शिक्षकाला त्या टाळ्या ऐकाव्या लागतात. तुम्हाला जे हवंय त्याला याहून योग्य नाटक सापडणं कठीण. नाहीच मिळालं तर दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत बालनाट्यं लागतात, पण आठवी-नववीला ती लहान वाटतील. त्यापेक्षा मोठ्यांचं एखादं चांगलं कौटुंबिक नाटक बरं.

तुम्ही इतिहासाच्या, म्हणून एक विनंती. बसमध्ये व्याख्यान देऊ नका. सांगण्यासारखं खूप आहे, मला माहीत आहे. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर', 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन, मग 31 ऑक्टोबर 1880 ला आपल्याच बुधवार पेठेत अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल'. हे सगळं नंतर वर्गात सांगा. तेव्हा मुलं तिकीट धरलेल्या हाताने ऐकतील. बालगंधर्व रंगमंदिरात नेलंत, तर त्याच्या दारात उभं असताना एकच गोष्ट सांगा. बालगंधर्वांचा जन्म 26 जून 1888 चा. या इमारतीची कोनशिला 1962 मध्ये त्यांच्याच हातून बसवली. इमारत पूर्ण होण्याआधी, जुलै 1967 मध्ये, ते गेले. आणि उद्घाटन झालं 26 जून 1968 ला. मी एवढं सांगून थांबायचे. वजाबाकी मुलं स्वतः करतात, आणि एखादी मुलगी ओरडते, "म्हणजे ऐंशीवा वाढदिवस!" ती ओरडू द्या.

धायरीहून येताना सिंहगड रस्त्यावरची गर्दी धरून निघा. जंगली महाराज रस्ता एकेरी आहे, डेक्कनकडून बसला थेट दारात येता येत नाही, वळसा पडतो. मी तर बस डेक्कनलाच सोडायचे आणि पुढे चालत जायचो. दोघं-दोघं, शक्यतो वेगवेगळ्या तुकडीचे, शिक्षकही त्यातच. चालताना जेवढी ओळख होते तेवढी बसमध्ये होत नाही, बसमध्ये सगळे आपापल्या मैत्रिणीशेजारी घुसतात. बसमध्येही चिठ्ठ्या टाकाव्यात असं कोणी सुचवेल. नको. मुलांना काहीतरी त्यांच्या मनासारखं असू द्या.

मध्यंतर जेमतेम पंधरा मिनिटांचं. बटाटेवड्याची रांग आणि ऐंशी मुलं यांचा मेळ बसत नाही. आदल्या दिवशी कॅन्टीनला सांगून ठेवा किंवा राजगिऱ्याचे लाडू बरोबर घ्या आणि बाहेर आवारात वाटा. स्वच्छतागृह आधी स्वतः आत जाऊन बघा. एका नाट्यगृहात मुलींच्या बाजूचं दार लागत नव्हतं. दोन शिक्षिका सगळं मध्यंतर दार धरून उभ्या होत्या. मुलींनी ते कधी विसरलं नाही, पण दार धरण्यासाठी कोणाला नेऊ नये.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी 'मी पाहिलेले नाटक' हा निबंध देऊ नका. अहवाल नको, पाच वाक्यं नकोत, उत्कृष्ट निबंधाला बक्षीस नको. निबंध दिला की मूल प्रयोगातच 'काय लिहायचं' ते शोधायला लागतं, आणि आपण पुन्हा समोर जाऊन उभे राहतो. त्याऐवजी मधल्या सुट्टीत तुम्ही स्वतः मैदानात जा, चिठ्ठीतल्या तुमच्या शेजाऱ्याला गाठा आणि तुम्हाला न कळलेली एखादी गोष्ट त्याला विचारा. खरीच न कळलेली. शोधून काढा, सापडेल.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या बऱ्याच पालकांना नाटकाच्या तिकिटाचे पैसे जड जातात. फुकट नेलं तर मुलांना कमीपणा वाटतो, नाही नेलं तर ती मागे राहतात. काय करावं? शिवाय संस्थाचालक म्हणतात, शाळेसाठी सकाळचा स्वतंत्र प्रयोग लावून घ्या, स्वस्त पडेल.
— एक मुख्याध्यापक, हडपसर

उत्तर : सर, तुम्ही कमीपणाचा विचार केलात, यातच अर्धं काम झालं. मी एका सहलीच्या रजिस्टरमध्ये सात नावांपुढे लाल शाईने 'फ्री' लिहिलेलं पाहिलं होतं. ते रजिस्टर बसच्या दारात उघडून हजेरी घेतली गेली. त्यातली एक मुलगी प्रयोगाच्या सकाळी पोट दुखतंय म्हणून आलीच नाही. तिचं पोट कशाने दुखलं, हे शाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोललं नाही. मीही नाही.

नंतर आम्ही असं केलं. ठरावीक रक्कम न मागता पाकीट दिलं. घरी चिठ्ठी पाठवली : तिकीट इतक्याचं आहे, जमेल तेवढं टाका, पाकीट बंद करून पेटीत टाका, नाव घालू नका. कमी पडणारे पैसे आधी शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी जमवून ठेवलेले. पहिल्या वर्षी मला वाटलं, निम्मी पाकिटं रिकामी येतील. रिकामी आली ती फार थोडी. एका पाकिटात सगळी पाच-पाच रुपयांची नाणी होती आणि बरोबर तिकिटाएवढे पैसे. ते पाकीट हातात घेऊन आमच्या क्लार्कबाई बराच वेळ बसल्या होत्या. पेटी मात्र मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ठेवू नका. जिन्याखाली ठेवा, जिथे टाकताना कोणी बघत नाही.

स्वतंत्र प्रयोग स्वस्त पडेल हे खरं. पण शक्य असेल तर मुलांना जाहीर प्रयोगालाच न्या, दुपारी साडेबाराच्या नाहीतर संध्याकाळी साडेपाचच्या. स्वतंत्र प्रयोगात सगळं नाट्यगृह आपलंच असतं, म्हणजे पुन्हा शाळाच. जाहीर प्रयोगात शेजारी पेन्शनर आजोबा असतात, नवं लग्न झालेलं जोडपं असतं, रांगेत पुढे कोणीतरी मोगऱ्याचा गजरा घालून आलेलं असतं. आपल्या मुलांच्या आवाजाने त्यांचं नाटक बिघडू नये, ही काळजी मुलं स्वतः घेतात. आपल्याला 'गप्प बसा' म्हणावं लागत नाही. साडेबाराचा प्रयोग असेल तर सकाळच्या सत्रातल्या मुलांना आधी पोळीभाजी खायला घाला. उपाशी मुलाला शोकांतिका काय आणि प्रहसन काय, सारखंच.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. आमची शाळा मागच्या महिन्यात नाटकाला गेली होती. एका करुण प्रसंगात मला हसू आलं. मुद्दाम नाही, नटाचा फेटा सुटला होता. सर दोन खुर्च्या सोडून बसले होते, ते सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. आता आम्ही कोणीच नाटकाबद्दल बोलत नाही. मला नाटक खूप आवडलं होतं. मी सरांना सांगू का?
— एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : सांग. पण ओरडल्याबद्दल आधी बोलू नकोस.

नट रंगमंचावर असताना फेटा सुटला तर तो काय करतो, हे तू पाहिलंस. बाकीच्या कित्येकांनी ते पाहिलंच नसेल. त्याने तो तसाच राहू दिला, की बोलताबोलता गुंडाळला, की काढून हातात घेतला? करुण प्रसंगात फेटा सुटल्यावरही आवाज हलू न देणं किती अवघड असेल, याचा विचार कर. तू हसलास कारण तू नीट बघत होतास. त्या क्षणी नटाला मात्र तुझं हसू ऐकू गेलं असेल आणि त्याला ते पेलून पुढे जावं लागलं असेल. त्याबद्दल तुला थोडं वाईट वाटत असेल, तर ते बरोबर आहे.

सरांचंही सांगते, कारण मी त्या खुर्चीत पुष्कळदा बसले आहे. शेजारी मुलं असली की शिक्षकाचे निम्मे कान रंगमंचावर असतात आणि निम्मे मुलांकडे. करुण प्रसंगात माणूस आतून हललेला असतो, आणि अशा वेळी आवाज आला की तो नेहमीपेक्षा जोरात ओरडतो. सरांना ते नाटक तुझ्याइतकंच आवडलं असण्याची शक्यता मला खूप वाटते.

उद्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊ नकोस, तिथे बाकीचे शिक्षक असतात. शाळा सुटल्यावर सर गाडी काढायला जातात तिथे थांब. म्हण, "सर, मी फेटा सुटला म्हणून हसलो होतो. तुम्हाला दिसला का तो?"

मग ते काय म्हणतात ते मला कळव. पुढच्या अंकात तुझं पत्र छापायला मी जागा ठेवते आहे.